31 वेळा ‘दिआ’: एका छोट्या ग्रीक शब्दाच्या नोंदी

8 जून 2025

काम ठरलं. बायबलच्या नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) ‘दिआ’ हा शब्द जिथे जिथे येतो ती प्रत्येक जागा एका कार्डावर घ्यायची. पुढच्या बाजूला ग्रीक ओळ, मागच्या बाजूला माझं मराठी, आणि मराठीत ‘दिआ’साठी जे काही लागलं असेल (मुळे, तून, साठी, काहीही) ते लाल शाईत.

मी शाळेत संस्कृत शिकवते. गेलं दीड वर्ष शेजारच्या, चर्चमधून निवृत्त झालेल्या पाळककाकांकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी नव्या कराराचं ग्रीक शिकते आहे. ‘दिआ’बद्दल आमच्या इंग्रजी पुस्तकात दोन ओळी आहेत: पुढचं नाम षष्ठीत असेल तर ‘थ्रू’, द्वितीयेत असेल तर ‘बिकॉज ऑफ’. ओळी केव्हाच पाठ झाल्या, पण वाचताना दर वेळी अडखळायला होतंच. मी ग्रीकवरून इंग्रजीवर जाते, तिथून मराठीवर येते आणि तोवर वाक्य हातातून निसटलेलं असतं.

आधी अख्खा नवा करार घ्यायचा विचार होता. त्यात हा शब्द साडेसहाशेच्या वर वेळा येतो. काका म्हणाले, “आधी मार्क कर. तो संपला की बोल.”

11 जून

मोफत मिळणारा, 2010 सालचा एसबीएलचा (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर या संस्थेचा) ग्रीक पाठ उतरवून घेतला. संगणकाला शोधायला सांगितलं की दहा मिनिटांत यादी तयार, असं वाटलं होतं. तीन संध्याकाळी गेल्या.

स्वरचिन्हं न लावता शोध टाकला, तर हवा तो शब्द एकदाही आला नाही. मग चिन्हांकडे दुर्लक्ष करण्याची सोय चालू केली, तर पूरच आला. ‘कार्दिआ’ म्हणजे हृदय, त्यात ‘दिआ’. ‘पाइदिआ’ म्हणजे मुलं, त्यातही ‘दिआ’. ‘दिआकोनोस’ म्हणजे सेवक. वर हेरोदिया राणीच्या नावाच्या पोटातही ‘दिआ’ बसलेला. गंमत म्हणून तोच शोध प्रेषितांच्या कृत्यांवर चालवला, तर 14:12 (अध्याय 14, वचन 12) मध्ये लोक बर्णबाला ‘दिआ’ म्हणताना सापडले. तो तर झ्यूस देवाच्या नावाचा द्वितीयेतला आकार निघाला.

पूर्ण शब्दच शोध, असं सांगितल्यावर 29 जागा आल्या. यादी छापून काकांना दाखवली. त्यांनी दुसरा अध्याय उघडला, पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा कुठाय?”

15 जून

तो नव्हता, कारण पुढे स्वर आला की ‘दिआ’चा शेवटचा ‘आ’ गळतो आणि त्या जागी वर लोपचिन्ह येतं. ‘दि’ हेमेरोन.’ संस्कृतात संधी शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये! शिवाय हे लोपचिन्ह यूनिकोडमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या खुणांनी टाइप केलेलं असतं. माझ्या कळफलकावरची खूण वेगळी आणि फाइलमधली वेगळी, त्यामुळे पुढचा शोधही रिकामा आला.

शेवटी संगणक मिटला. सोळा अध्याय ओळीवर बोट ठेवून वाचले, चार संध्याकाळी लागल्या. 31 सापडले. निसटलेले दोन म्हणजे 2:1 आणि 14:21. हे काम करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की मार्कएवढा मजकूर असेल तर सुरुवातच बोटाने करा.

16:20 मध्येही एक आहे, तो या बेरजांत धरलेला नाही. पण 16:8 नंतरचा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून त्याचं कार्ड केलं तरी त्याला क्रमांक दिला नाही.

18 जून

आज जी चूक सापडली ती फक्त संस्कृतवाल्यालाच करता येईल.

संस्कृतात कारण सांगायला पंचमी चालते: भयात्, लोभात्. ग्रीकमध्ये पंचमी वेगळी उरलेली नाही, ती षष्ठीच्या पोटात गेली आहे. हे मला माहीत होतं, आणि तेच नडलं. कारण म्हणजे पंचमी, पंचमी म्हणजे ग्रीक षष्ठी, म्हणून ‘मुळे’ षष्ठीचं, असा सरळ हिशेब मनात कधी मांडला गेला ते कळलंच नाही. पुस्तकातल्या दोन ओळी पाठ असूनही हात उलट लिहीत होता. बारा कार्डं उलटी झाली. खरा प्रकार असा, की द्वितीया असेल तर कारण आणि षष्ठी असेल तर वाट किंवा साधन.

बारा कार्डं फाडली आणि पेटीच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: पंचमी विसर.

दुसरा एक मोह काकांनी वेळीच मोडला. ‘दिआ’ आणि आपला ‘द्वारा’ एकच असणार, असं मी मोठ्या विश्वासाने म्हणाले होते. ‘द्वार’ची ग्रीक बहीण आहे ‘थुरा’, म्हणजे दार. ‘दिआ’चं नातं ‘दोन’शी लावतात, दोहोंच्या मधून. काका म्हणाले, “कानाला लागलं म्हणून सोयरीक जुळत नाही.”

24 जून

सगळ्यात महागात पडलेली चूक ही.

घरातल्यांनाही वाचता यावं म्हणून प्रत्येक ग्रीक ओळीखाली मी देवनागरीत उच्चार लिहीत होते. 2:4 मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलंय, पण येशूपर्यंत पोचता येत नाही, ‘दिआ तोन ओख्लोन.’ ओख्लोस म्हणजे गर्दी. त्याच अध्यायात 2:23 ला शिष्य शेतातून चाललेत, ‘दिआ तोन स्पोरिमोन.’ दोन्हीकडे ‘तोन’, दोन्हीकडे शेवटी ‘ओन’. मी दोन्ही कार्डांवर ‘तून’ लिहिलं: गर्दीतून नेता येईना, शेतातून चालले होते.

वाक्य म्हणून दोन्ही झकास आहेत, त्यामुळे संशयही आला नाही. रात्री काकांनी पहिलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “अगं, इथे षष्ठी कुठून आणलीस?”

ग्रीकमध्ये दोन ‘ओ’ आहेत, ऱ्हस्व ओमिक्रॉन आणि दीर्घ ओमेगा. ‘तोन’ ऱ्हस्व असेल तर द्वितीया एकवचन आणि दीर्घ असेल तर षष्ठी बहुवचन. आपल्या देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा. म्हणजे ज्या एका स्वरावर अख्खा अर्थ टांगलेला आहे, नेमका तोच मी उच्चार लिहिताना पुसत होते. 2:4 ला ऱ्हस्व आहे, तेव्हा ‘गर्दीमुळे’. 2:23 ला दीर्घ आहे, म्हणून ‘शेतातून’.

‘गर्दीतून नेता येईना’ म्हटलं की माणसं गर्दीत घुसून धक्के खाताना दिसतात. ‘गर्दीमुळे नेता येईना’ म्हटलं की ती बाहेरच थबकतात आणि वर छपराकडे बघतात. पुढच्याच वाक्यात ते छप्पर उचकटतात.

उपाय म्हणून दीर्घ ओमेगासाठी अवग्रह वापरायचं ठरवलं. ‘दिआ तोन ओख्लोन’, पण ‘दिआ तोऽन स्पोरिमोऽन’. सगळी कार्डं पुन्हा तपासली, तीन संध्याकाळी गेल्या. त्यात आणखी एक सापळा दिसला: ‘ऊ’ने संपणारं एकवचन षष्ठी असतं आणि ‘ऊस’ने संपणारं अनेकवचन द्वितीया. ‘तूस होर्कूस’ (6:26) मधला ‘ऊ’ बघून मी षष्ठी धरली होती, शेवटचा ‘स’ न बघता.

2 जुलै

पाऊस. हाताने लिहिलेली कार्डं कडेने वळली, जेल पेनची लाल शाई पसरली. छापून घ्यायचं ठरवलं.

दुकानात वर्डची फाइल पाठवली आणि पैसे आधी दिले. संध्याकाळी गठ्ठा आणला तर प्रत्येक ग्रीक ओळीत चौकोनी डबे. साध्या अक्षरांचं ठीक होतं, पण स्वरचिन्हं आणि श्वासचिन्हं असलेली अक्षरं त्यांच्या संगणकाला माहीतच नव्हती. 460 रुपये पाण्यात. दुकानदाराशी भांडायला गेले आणि न भांडता परत आले. नमुना न बघता अख्खा गठ्ठा छापायला मीच सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा जेंटियम हा मोफत फॉन्ट घेतला, त्यात जुन्या ग्रीकची सगळी चिन्हं आहेत. पीडीएफ करून फॉन्ट आतच बांधला आणि आधी एकच पान काढून पाहिलं. 390 रुपये. मराठी बाजू कोरी ठेवली, कारण खरं काम तिथेच आहे.

7 जुलै

द्वितीयेची कार्डं 21, षष्ठीची 10. द्वितीयेपासून सुरुवात. सगळीकडे ‘मुळे’ लिहून तासाभरात उरकेल असं वाटलं होतं.

पहिली काही तशीच उरकली. 6:6, त्यांच्या अविश्वासामुळे. 4:5, खोल माती नसल्यामुळे. इथे ग्रीक क्रियापदाचं नाम करतो, त्याला उपपद लावतो आणि मग ‘दिआ’ जोडतो. मराठीही तेच करते, ‘नसणं’चं ‘नसल्या’ करून पुढे ‘मुळे’. इंग्रजी पुस्तकाने यावर दीड पान खर्च केलं आहे. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं.

मग 4:6. खडकावर पडलेलं बी उगवतं, ऊन तापतं, आणि ते वाळतं, कारण त्याला ‘र्‍हिझा’ नाही, मूळ नाही. मी लिहिलं, “मूळ नसल्यामुळे वाळलं.” लिहून झाल्यावर दिसलं की ‘मुळे’ म्हणजे तरी मूळच. ‘दिआ’च्या जागी आपण जे अव्यय ठेवतो तेच मुळात झाडाचं मूळ आहे. ग्रीक ओळीत ही गंमत नाही, ती आपल्याकडची. पण हे कार्ड आता कधीच विसरणार नाही.

13 जुलै

‘मुळे’ संपलं.

15:10 मध्ये रोमन सुभेदार पिलाताच्या लक्षात येतं की मुख्य याजकांनी येशूला धरून दिलंय ते ‘दिआ फ्थोनोन’. फ्थोनोस म्हणजे हेवा. ‘हेव्यामुळे’ चूक नाही, पण असं बोलतं कोण? ‘हेव्यापोटी.’ पोटात जे असतं त्यासाठीच ‘पोटी’ लागतं: भीतीपोटी, मायेपोटी. गर्दीपोटी कधी होत नाही.

6:17 मध्ये राजा हेरोद बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला पकडून बेड्या घालतो, ‘दिआ हेरोऽदिआदा’. ‘हेरोदियामुळे’ लिहिलं, खोडलं, ‘हेरोदियापायी’ लिहिलं. ‘पायी’मध्ये बोट दाखवणं आहे, नुकसानीचा हिशेब आहे. एका बाईपायी एक माणूस तुरुंगात गेला. काका म्हणाले, “हा सूर ग्रीकमध्ये नाही.” सूर शब्दात नसला तरी गोष्टीत आहे, असं माझं म्हणणं. कार्ड तसंच ठेवलं.

6:26 ला मात्र मी हरले. हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर मागते. राजाला वाईट वाटतं, पण शपथा आणि पंगतीला बसलेले लोक यांमुळे तो मुलीला नाही म्हणत नाही. मी ऐटीत ‘भिडेखातर’ लिहिलं. “भीड ग्रीकमध्ये कुठे आहे? दाखव.” दाखवता आली नाही. आता कार्डावर आहे ‘शपथांखातर आणि पंगतीतल्या लोकांखातर’.

2:27 वर एक अख्खी संध्याकाळ गेली. “शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) माणसामुळे झाला” म्हटलं तर माणसाने काही गोंधळ केला आणि त्यातून शब्बाथ उपटला असं वाटतं. इथे ‘साठी’च हवं: शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे. म्हणजे ग्रीक द्वितीयेतलं कारण मागेही असू शकतं आणि पुढेही. मराठीला ती बाजू आधी ठरवावी लागते, मागे असेल तर ‘मुळे’, पुढे असेल तर ‘साठी’. मार्कबाहेरचं एक वचन यासाठी मुद्दाम जोडलं, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातलं 4:25. तिथे एकाच वाक्यात दोनदा ‘दिआ’ आहे, दोन्हीकडे द्वितीया. आपल्या अपराधांमुळे तो धरून दिला गेला, आणि आपल्याला नीतिमान ठरवण्यासाठी उठवला गेला. ग्रीकमध्ये दोन्ही पारडी सारखी, मराठीत एक मागे बघतं आणि एक पुढे. हा समतोल मला मराठीत आणता आलेला नाही.

20 जुलै

षष्ठीची दहा. जागांची सोपी गेली. शेतातून (2:23), गालीलमधून (9:30), मंदिराच्या आवारातून (11:16), सुईच्या नेढ्यातून उंट (10:25). मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी नेढ्यासाठी तीन वेगळे शब्द घेतलेत, ‘दिआ’ मात्र तिघांचा तोच.

7:31 वर मजा आली. येशू सोर शहर सोडून ‘दिआ सिदोऽनोस’ गालीलच्या सरोवराकडे येतो. ‘सिदोनमधून’ लिहून पुढे गेले, मग नकाशा पाहिला. सिदोन सोरच्या उत्तरेला, सरोवर आग्नेयेला. नगरहून पुण्याला नाशिकवरून जाण्यासारखं. ‘वरून’! एसटीच्या पाटीवर कंसात असतो तोच. कार्डावर ‘सिदोनवरून’.

काळाच्या कार्डांतली दोन बघण्यासारखी आहेत. 2:1 चं ‘दि’ हेमेरोऽन’ म्हणजे काही दिवसांनी, दिवस ओलांडून पलीकडे. 14:58 मध्ये खोटे साक्षीदार म्हणतात, हा तीन दिवसांत दुसरं मंदिर बांधीन म्हणाला. तिथे ‘दिआ’ आहे. 15:29 ला वधस्तंभाखालचे लोक तोच टोमणा मारतात तेव्हा ‘एन’ (‘मध्ये’) आहे. मराठीत दोन्हीकडे ‘दिवसांत’च लिहिलं. फरक करण्याचा अट्टहास सोडला.

26 जुलै

अडलेलं कार्ड एकच, 14:21. मनुष्याचा पुत्र ‘दि’ हू’, म्हणजे ज्या माणसा... काय?... धरून दिला जातो, त्याचा धिक्कार असो.

‘ज्याच्या द्वारे’: काकांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या मते हा शब्द सरकारी पत्रातला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं ते गावातल्या साध्या बायांना कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. “बाई असत्या तर तुझं ‘द्वारे’ त्यांनी चाललं म्हटलं नसतं,” काका म्हणाले. रमाबाई काय म्हणाल्या असत्या ते काकांना कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही.

‘ज्याच्या हातून’: 6:2 मध्ये हे चपखल बसलं होतं. तिथे खरंच हात आहेत, ‘दिआ तोऽन खेइरोऽन’, त्याच्या हातून घडणारी अद्भुत कृत्यं. पण यहूदाला, येशूला धरून देणाऱ्या शिष्याला, लावलं की बिघडतं. “माझ्या हातून कप फुटला” आपण म्हणतो, त्यात हेतू नसतो. यहूदाच्या हातून पैसे घेऊन चुकून काही घडलेलं नाही.

‘ज्याच्याकरवी’: म्हणजे कोणीतरी त्याला करायला लावलं. मग करवणारा कोण? देव? की याजक? इथे आमचं इतकं लांबलं की काकूंनी दिवा मालवायची धमकी दिली. ‘ज्याच्या हस्ते’ मी नुसतं उच्चारलं आणि दोघेही हसलो. हस्ते फीत कापतात.

मत्तय 1:22 समोर ठेवलं. तिथे देवाला ‘हुपो’ (‘कडून’) आहे आणि संदेष्ट्याला ‘दिआ’: प्रभूने संदेष्ट्याच्या मुखाने सांगितलेलं. ‘दिआ’चा माणूस मधला असतो, सूत्र दुसऱ्याकडे. मग 14:21 ला ‘करवी’ला ग्रीकचा आधार आहेच, मला तो कितीही टोचला तरी. पेन्सिलीने ‘करवी’ लिहिलं.

3 ऑगस्ट

काकांकडच्या जुन्या छापील ग्रीक प्रतीशी यादी ताडून पाहिली. माझी बेरीज चुकली असं वाटून घाम फुटला. त्या प्रतीत ‘दिआ ती’ (का? कशामुळे?) हा एकच जोडशब्द छापला आहे, त्यामुळे 2:18, 7:5 आणि 11:31 मोजणीतून निसटतात. 7:31 ला ‘दिआ’ नाहीच, तिथे ‘सोर आणि सिदोन’ आहे. म्हणजे माझं लाडकं ‘सिदोनवरून’ त्या पाठात गायब. उलट 10:1 ला त्यांच्याकडे एक ‘दिआ’ जास्त आहे, जो माझ्या पाठात नाही. कोणता पाठ धरला ते पेटीवर लिहून ठेवलं. हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

10 ऑगस्ट

हिशेब: कार्डशीट 220, वाया गेलेली छपाई 460, दुसरी छपाई 390, पेटी 80. एकूण 1,150 रुपये. वेळ धरून नऊ आठवडे, त्यातले निदान तीन चुका निस्तरण्यात.

क्रमांक नसलेली आणखी दोन कार्डं पेटीत टाकली. एक इब्रीकरांस 2:10 चं. तिथे ‘दि’ होन’ आणि ‘दि’ हू’ शेजारी शेजारी आहेत: ज्याच्यासाठी सगळं, आणि ज्याच्या द्वारे सगळं. विद्यार्थ्याला एकच कार्ड द्यायचं तर हे. दुसरं योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं, वचन 13: शाईने आणि ‘कालामोस’ने लिहायची इच्छा नाही. कालामोस म्हणजे बोरू. तोच अरबीतून फिरून आपल्याकडे कलम होऊन आला. इथे ‘दिआ’ला नुसता ‘ने’ पुरला.

योहानाचं शुभवर्तमान आजच उघडलं. तिसऱ्याच वचनात ‘पान्ता दि’ आउतू एगेनेतो’, सगळं काही त्याच्या... झालं. ‘हातून’ लिहिलं, खोडलं. ‘करवी’ लिहिलं, काकांनी खोडलं. ‘द्वारे’ मी काकांचं लक्ष नसताना लिहिलं. चहा झाल्यावर त्यांनी ते पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत.